किण्वाची ऊब

नाशिक जिल्ह्यांत उष्णतामानाची गोष्ट निघाली कीं ती बहुधा थंडीची असते. पौषांत निफाडचा पारा किती उतरला हें पुण्या-मुंबईचीं वर्तमानपत्रें ठळक अक्षरांत छापतात. द्राक्षाच्या बागांतून पहांटे शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे जातील कीं काय, या काळजीनें बागाईतदार रात्रीच्या रात्री जागून काढतात. थंडीशीं चाललेला हा झगडा एव्हांना साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला आहे. परंतु त्याच द्राक्षांच्या बाबतींत, याच जिल्ह्यांत, थोडें पुढें माघ-फाल्गुनांत अगदीं उलट जातीचा एक झगडा दरवर्षीं चालतो, आणि त्याची वार्ता मात्र फारशी कोणाच्या कानीं जात नाहीं. हा झगडा उष्णतेशीं असतो. आणि ही उष्णता सूर्याची नव्हे, कीं चुलीचीहि नव्हे. पोलादी टाकींत कोंडलेल्या द्राक्षाच्या रसांतून ती आपली आपण उत्पन्न होते. तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत होतें.

आरंभींच सांगून टाकलेलें बरें कीं, आम्ही वाईनचे भोक्ते नाहीं आणि पुरस्कर्तेहि नाहीं. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मुभा देण्याचें राज्याच्या मंत्रिमंडळानें ठरविलें, आणि त्यावरून जो वाद माजला, त्यांत दोन्ही पक्षांनीं इतकें बोलून ठेविलें आहे कीं त्यांत भर घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. आम्हांला ओढ आहे ती पेल्यांतल्या वस्तूची नसून तिच्या जन्माची आहे. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधि जीव एके ठिकाणीं जेवावयास बसले म्हणजे त्यांच्या पंगतीला घाम सुटतो, ही गोष्ट आम्हांला प्रथम कळली तेव्हां जें नवल वाटलें तें अद्यापि ओसरलेलें नाहीं.

वस्तुतः आंबण्याची क्रिया आपल्या घरांत नवी नाहीं. दह्याचें विरजण, इडलीचें पीठ, जिलबीचें पीठ, आंबील. प्रत्येक स्वयंपाकघरांत ह्या जीवांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहे. परंतु घरांतल्या बायकांना त्यांच्याविषयीं जी चिंता वाटते ती त्यांनीं गारठूं नये याची. नाशिकच्या थंडींत विरजणाचें भांडें घोंगडीच्या तुकड्यांत गुंडाळून पिठाच्या डब्यांत ठेवीत, हें आम्हीं लहानपणीं नित्य पाहिलें आहे. दूध कोमट करून त्याची ऊब पुरवावी लागते. विरजण स्वतः तापून भांडें चटका देऊं लागलें, असें कोणत्याहि गृहिणीनें सांगितलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. आणि तें खरेंच आहे. दह्याचे जंतु दुधांतील साखरेचा थोडाच भाग खर्चीं घालतात. त्यांतून निघणारी सगळी उष्णता दुधांतच राहिली तरी पारा दोन-तीन अंशांपलीकडे चढावयाचा नाहीं. आणि वाडग्याएवढ्या भांड्यांतून ती राहतेच कोठें? जन्मतां जन्मतांच ती हवेंत विरून जाते.

द्राक्षाच्या रसाची गोष्ट याहून फार वेगळी आहे. पिकलेल्या द्राक्षाच्या एका लिटर रसांत दोनशें-सव्वादोनशें ग्रॅम साखर असते, आणि यीस्ट म्हणजे किण्व ती जवळजवळ सगळी फस्त करतें. १८० ग्रॅम द्राक्षशर्करा घेतली तर तिच्यांतून सुमारें ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड वायु निघतो. हा जमाखर्च रसायनशास्त्राच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडतो. पण त्या वहींत तिसरी एक रक्कम असते, तिच्याकडे विद्यार्थ्यांचें लक्ष जात नाहीं. ती म्हणजे सुमारें २४ किलोकॅलरी उष्णता. तीच साखर हवेंत पूर्णपणें जाळली असती तर सुमारें ६७० किलोकॅलरी मिळाल्या असत्या. अर्थात् किण्व साखरेंतला अगदीं थोडा भाग मोकळा करतें आणि बाकीची सारी दौलत मद्यार्काच्या रूपानें तशीच टाकून देतें. त्या थोड्या भागांतूनहि कांहीं अंश तें आपल्या पोटापाण्याला लावतें आणि उरलेला ऊब म्हणून बाहेर सोडतें. वायुरहित जागीं राहणाऱ्याचा संसार हा असा दरिद्री असतो. म्हणूनच त्याला एवढीं पोतींच्या पोतीं साखर लागते.

२४ किलोकॅलरी म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. हिशेब करून पाहूं. रसाची गोडी मोजण्याचें जें ब्रिक्स नांवाचें माप आहे, त्याचा एक अंश उतरला कीं, बाहेर कांहीं जाऊं दिलें नाहीं तर, रस सुमारें १.३ सेल्सियस अंशांनीं तापतो. बावीस ब्रिक्सचा रस शेवटपर्यंत आंबला तर अठ्ठावीस अंशांची चढण. वीस अंशांवर टाकींत भरलेला रस ह्या हिशेबानें अठ्ठेचाळीसांवर जावा. पण तो तेथवर जातच नाहीं, कारण तत्पूर्वींच, पस्तीस-चाळीसांच्या दरम्यान, किण्व गळाठतें आणि मरूं लागतें. दहा हजार लिटरांची एक टाकी घेतली तर तिच्यांतून सबंध आंबण्यांत जी उष्णता निघते ती वितळवून टाकण्यास साडेतीन टनांहून अधिक बर्फ लागेल. जत्रेंतला बर्फाच्या गोळ्याचा गाडीवाला एवढा बर्फ किती वर्षांत खपवीत असेल, हा हिशेब आम्हीं केलेला नाहीं.

आतां वाडग्याला जें लागू नाहीं तें टाकीला कां लागू व्हावें? किण्व तर तेंच. याचें उत्तर भूमितींत आहे. दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी डबा घ्या आणि दोन मीटर बाजूची तशीच टाकी घ्या. बाजू वीसपट झाली. ज्यांतून ऊब निसटते तो पृष्ठभाग चारशेंपट झाला. पण ऊब उत्पन्न करणारा रस आठ हजारपट झाला. म्हणजे टाकींतल्या प्रत्येक लिटराच्या वांट्याला डब्याच्या मानानें विसावा हिस्साच भिंत आली. गर्दींत सांपडलेल्या माणसासारखी ती उष्णता आंतल्या आंत घुसमटते. त्यांत भर अशी कीं रस तापला म्हणजे किण्वाचा उत्साह वाढतो. तें अधिक वेगानें साखर खातें, अधिक ऊब सोडतें, त्यानें रस आणखी तापतो. हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं तें आपण होऊन थांबतें तें एकाच रीतीनें, किण्वाच्या मरणानें. मग अर्धी साखर तशीच राहते, आणि त्या अर्धवट गोड, कोमट रसावर दुसरे जंतु येऊन बसतात, ज्यांची करणी शिरका आणि कुजकट वास यांच्यापलीकडे जात नाहीं.

मराठी भाषेला ही गोष्ट फार पूर्वीं कळलेली असावी असें आम्हांला नेहमीं वाटतें. ओलसर धान्य कोठारांत रचून ठेविलें आणि आंतून गरम होऊन नासलें, तर तें ‘उबलें’ असें आपण म्हणतों. त्याला येतो तो ‘उबट’ वास. कोंबडी अंडीं उबविते, तेंहि त्याच ऊबेनें. एकाच शब्दांतून जन्म आणि नास असे दोन्ही अर्थ निघावे, आणि मध्यें फक्त अंशांचा फरक असावा, यांत त्या शब्दाच्या कर्त्यांची शेतांतली नजर दिसते. हिवाळ्याच्या सकाळीं खताच्या उकिरड्यांतून निघणारी वाफ ज्यांनीं पाहिली, त्यांना थर्मामीटरची वाट पाहण्याची गरज नव्हती.

तीच गोष्ट वैद्यांची. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हे शब्द नाशिकच्या लोकांना वाईनच्या फार पूर्वींपासून ठाऊक आहेत. जुन्या रीतीनें आसव घालावयाचें म्हणजे मडक्याला आंतून तूप चोळीत, काढ्यांत गूळ किंवा मध आणि धायटीचीं फुलें घालीत, तोंड मातीकापडानें बंद करीत आणि तें मडकें धान्याच्या राशींत किंवा जमिनींत पुरून महिनाभर ठेवीत. धायटीचीं तांबडीं फुलें सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाशीं पुष्कळ दिसतात. त्यांच्या मधाळ पेल्यांतून रानटी किण्व वास करतें, आणि तेंच मडक्यांत कामाला लागतें. परंतु आमचें लक्ष वेधून घेतलें तें धान्याच्या राशीनें. वरवर पाहतां तो एक विधि वाटतो. विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं दिवसाचें ऊन आणि रात्रीचा गारठा यांपैकीं कशाचीहि झळ राशीच्या पोटांत पोंचत नाहीं. भोंवतालच्या मातीलाहि तोच गुण आहे. उष्णतामान सारखें ठेवण्याची एवढी स्वस्त व बिनतक्रार युक्ति दुसरी नसेल. आणि मडकें लहान असल्यामुळें आंतली ऊब हळूहळू बाहेर जावयास ती रास आड येत नाहीं. मोठी टाकी करून तीच रास भोंवतीं रचली असती तर आसव खचित बिघडलें असतें. संधान संपलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वैद्य मडक्याला कान लावून फसफस थांबली का तें ऐकत, आणि तोंडाशीं जळती काडी धरून ती विझते का हें पाहत. आमच्या आजोळीं शेजारच्या वैद्यांनीं हा प्रयोग आमच्यासमोर केला होता. काडी विझली तेव्हां ते म्हणाले, “अजून जेवताहेत, उठवूं नका,” आणि मडकें पुनः झांकून टाकलें.

पश्चिमेकडे या ऊबेचें मोजमाप व्हावयास बराच काळ लागला. फ्रान्समध्यें लाव्हाझिए व लाप्लास यांनीं १७८३ च्या सुमारास बर्फाच्या पेटाऱ्यांत गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो तें मोजलें, आणि प्राण्याच्या अंगची उष्णता ही एक प्रकारची मंद ज्वलनक्रिया आहे असें दाखविलें. त्याच लाव्हाझिएनें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत साखर आंबतांना किती वजनाचें काय होतें याचा ताळेबंद मांडला. पांच वर्षांनीं राज्यक्रांतीनें त्याचें मस्तक घेतलें. किण्व हा सजीव आहे आणि आंबणें ही त्याच्या जगण्याचीच क्रिया आहे, हें पास्चरनें १८५७ पासून पुढें सिद्ध करीत नेलें. पण शास्त्रज्ञांच्या आधीं या उष्णतेचे चटके बसले ते दारू गाळणाऱ्यांना. जर्मनींतले बियरवाले थंडींत तळ्यांतला बर्फ कापून तळघरांत भरीत आणि उन्हाळ्यांत काम बंद ठेवीत. १८७० नंतरच्या दशकांत कार्ल फॉन लिंडे याचें शीतयंत्र बियरच्या कारखान्यांत शिरलें तें यासाठींच. आज आपल्या स्वयंपाकघरांत उभें असलेलें शीतकपाट त्या वंशावळींतलें आहे, हें लक्षांत आलें म्हणजे एवढ्याशा किण्वानें मनुष्यजातीकडून काय काय करवून घेतलें याचें हंसूं येतें.

नाशिकला जवळचें उदाहरण मात्र जर्मनीचें नसून अल्जीरियाचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्समधील वेली किडीनें उद्ध्वस्त झाल्या तेव्हां फ्रेंच लोकांनीं समुद्रापलीकडे आफ्रिकेंत द्राक्षांच्या मोठाल्या बागा उठविल्या. वेली उत्तम आल्या. रस मात्र हौदांत चाळीसांच्या आसपास जाऊन मध्येंच बंद पडूं लागला. मायदेशांत पिढीजात शिकलेली विद्या तेथें निकामी ठरली, कारण त्या विद्येंतला निम्मा वांटा हवेचा होता आणि तो कोणीं कधीं मोजलाच नव्हता. रस नळ्यांतून खेळवून त्यांवर थंड पाणी सोडण्याच्या युक्त्या त्या उन्हाळ्यानें शिकविल्या.

नाशिकचीहि अडचण नेमकी हीच आहे. युरोपांत द्राक्षें तोडतात तीं शरद ऋतूंत. पुढें दिवसेंदिवस गारवा वाढत जातो आणि तळघरांतल्या टाक्या निसर्गच निववीत आणतो. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते, एकदां एप्रिलच्या सुमारास आणि फळासाठीं दुसऱ्यांदा पावसाळा सरतां सरतां. आणि वाईनच्या द्राक्षांची तोड जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. म्हणजे पहिली टाकी भरते तेव्हां पहांटे अंगावर शाल लागते, आणि शेवटची आंबत असते तेव्हां दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं नसतें. ऋतु किण्वाच्या बाजूनें लढतो आणि माणसाच्या विरुद्ध. समुद्रसपाटीपासून सहाशें मीटरांच्या आसपास असलेल्या ह्या पठारावरच्या रात्री थंड असतात, एवढाच काय तो दिलासा.

तरीहि धंदा उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवास फ्रेंच धर्तीची फसफसती वाईन निघूं लागली होती. नाशिकास गंगापूर धरणाच्या परिसरांत राजीव सामंत यांनीं काढलेल्या सुलाची पहिली वाईन २००० सालीं बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, आणि पाहतां पाहतां दिंडोरी-निफाडकडे लहानमोठ्या वाईनरी दिसूं लागल्या. २००८-०९ च्या मंदींत त्यांतल्या कित्येकांच्या टाक्या विक्रीवांचून तुंबल्या आणि शेतकऱ्यांनीं वाईनच्या वेलींवर कुऱ्हाड चालविली. तो इतिहास दुःखाचा आहे, पण त्याचा विचार येथें नको.

हल्लींच्या वाईनरींत गेलें तर प्रथम दिसतात त्या चकचकीत टाक्या, आणि त्यांच्या अंगाभोंवतीं कमरपट्ट्यासारखें बसविलेलें दुहेरी कवच. त्या कवचांतून ग्लायकॉल मिसळलेलें गार पाणी फिरत असतें. पांढरी वाईन बारा ते अठरा अंशांच्या आंत रांगत ठेवतात. कारण त्याहून उष्ण झालें तर वायूच्या बुडबुड्यांबरोबर फळाचा सारा सुगंध छपरांतून निघून जातो. तांबड्या वाईनीला सालींतला रंग सुटावयास पंचवीस ते तीस अंशांची ऊब हवी असते. पण तिच्यांत सालींचा जाड थर वर तरंगतो, आणि त्या थराच्या पोटांत उष्णतामान खालच्या रसापेक्षां कितीतरी अधिक असूं शकतें. म्हणून दिवसांतून अनेक वेळां तो थर खालीं दाबावा लागतो, नाहींतर खालचा रस पंपानें वर सोडावा लागतो. द्राक्षें तोडावयाचीं तीं पहांटे, थंड असतांना. कारण शेतांतच पांच अंश वांचले तर यंत्राचें तेवढें ओझें कमी होतें. आणखी एक गोष्ट नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. एका लिटर रसांतून पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायॉक्साइड वायु निघतो, आणि तो हवेपेक्षां जड असल्यामुळें टाकींत व सखल जागीं सांचतो. रिकाम्या झालेल्या टाकींत घाईनें उतरलेलीं माणसें जगांत अनेक ठिकाणीं अशीं गुदमरून मेलीं आहेत. वैद्यांच्या काडीची किंमत तेथें कळते.

आमचा एक भाचा अशाच एका लहान वाईनरींत रस आंबविण्याचें काम पाहतो. कांहीं वर्षांपूर्वीं मार्चमध्यें आम्ही त्याच्याकडे दोन दिवस राहावयास गेलों असतां दुपारीं दोनच्या सुमारास वीज गेली, आणि जनित्र सुरू केलें तर तें दहा मिनिटें घरघरून बंद पडलें. तीन टाक्यांतला रस ऐन भरांत होता. त्यांतल्या दोन नव्या होत्या. त्यांच्या अंगावर जाड आवरण असल्यामुळें निदान बाहेरची झळ आंत शिरत नव्हती. तिसरी पांच हजार लिटरांची, जुनी, बाहेरून उघडी. तिच्यांत तांबड्या वाईनीचा रस होता. दोनला तिच्यावरचा कांटा सत्तावीसांवर होता. सहाला तीस झाले. भाचा कांहीं बोलला नाहीं, पण दर दहा मिनिटांनीं उठून कांटा पाहूं लागला. त्या टाकींतला माल दिंडोरीकडच्या तीन शेतकऱ्यांचा होता, आणि अर्धे पैसे वाईन बाटलींत गेल्यावर द्यावयाचे ठरलें होतें. “मामा, चौतिसाच्या पुढें गेला कीं माझ्या हातांत कांहीं नाहीं,” एवढेंच तो म्हणाला. शहरांतून बर्फाच्या लाद्या मागविल्या होत्या. परंतु गाडी येईतों दोन तास जाणार होते, आणि बर्फ रसांत टाकतां येत नाहीं, तो पाणी करून सोडतो.

तेथें साफसफाईचें काम करणारी एक वयस्क बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. ती म्हणाली, “साहेब, रांजणाला गुंडाळतात तसं गोणपाट गुंडाळा कीं हिला.” भाच्यानें क्षणभर तिच्याकडे पाहिलें आणि धांवत जाऊन कोठारांतलीं पोतीं काढलीं. तासाभरांत टाकीला दोरीनें गोणपाटाचें चिलखत चढलें. वर हौदांतल्या पाण्याची नळी भोंकें पाडून गोलाकार बांधली, आणि बारीक धार सोडून दिली. मोठे दरवाजे दोन्ही बाजूंनीं सताड उघडले. फाल्गुनांतली नाशिकची संध्याकाळ कोरडी असते, आणि त्या दिवशीं पश्चिमेचा वारा होता.

ही युक्ति ऐकून तेव्हां आम्हांला कौतुक वाटलें; हिशेब आम्हीं मागाहून केला, आणि कौतुक वाढलें. एक किलो बर्फ वितळतांना ८० किलोकॅलरी ओढून घेतो. एक किलो पाणी वाफ होऊन उडतांना सुमारें ५८० घेतें, म्हणजे सातपटींहून अधिक. त्या टाकींतला रस भराच्या वेळीं तासाला साधारण दोन-सव्वादोन हजार किलोकॅलरी उष्णता सोडीत होता असें धरलें, तर ती झेंपावयास तासाला केवळ चार लिटर पाणी उडून जाणें पुरेसें होतें. आणि ओल्या गोणपाटावरून वाऱ्याच्या झुळकींत तेवढें पाणी सहज उडतें. ज्या तत्त्वावर आपला माठ पाणी गार करतो, त्याच तत्त्वावर एवढी मोठी टाकी तोलून धरतां येते, हें त्या मावशीला कोणत्याहि पुस्तकानें सांगितलेलें नव्हतें. मात्र मुंबईच्या दमट हवेंत ही युक्ति फसली असती, हेंहि तितकेंच खरें.

नवाला कांटा एकतिसाच्या थोडा वर गेला आणि तेथें रेंगाळला. रात्री बाराला एकतीस, तीनला साडेएकोणतीस. मधून मधून मजूर शिडीवर चढून सालींचा थर खालीं दाबीत होते, आणि प्रत्येक वेळीं आंतून गरम, आंबूस, डोक्यांत भिनणारा वास उसळून येत होता. बर्फाची गाडी अकराला आली. त्या लाद्या कापून हौदांत टाकल्या, त्यानें धारेचें पाणी गार झालें. त्याचा उपयोग किती झाला आणि वाऱ्याचा किती, हा वाद भाचा व मावशी यांच्यांत अजूनहि मिटलेला नाहीं. पहांटे पांचला वीज आली. तो रस पुढें शेवटपर्यंत आंबला, शेतकऱ्यांचे पैसे दिवाळीच्या आधीं चुकते झाले, आणि त्या टाकीला पुढल्या वर्षीं आवरण बसलें.

या सर्व प्रकारांत किण्व हवेवांचून जगत असतें हें विसरूं नये. हवा पुरविली तर हेच सूक्ष्म जीव साखर थेट शेवटपर्यंत जाळतात, आणि मग तीच वस्तु कितीतरी पटींनीं उष्णता देते. पिंपरीला १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें पेनिसिलीनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभा राहिला, तेव्हां त्याच्यापुढें हाच प्रश्न अधिक उग्र रूपानें आला असला पाहिजे. पेनिसिलीनच्या बुरशीला पंचवीस अंशांच्या आसपास राहणें मानवतें. तिला हवा लागते, ती हवा रसांत मिसळावयास मोठाले पंखे रात्रंदिवस फिरवावे लागतात, आणि त्या पंख्यांची घुसळहि उष्णताच होऊन आंत मुरते. म्हणून अशा टाकीच्या आंत थंड पाण्याच्या नळ्यांचीं वेटोळीं बसवावीं लागतात. औषध गाळणाऱ्या कारखान्यांतला विजेचा मोठा खर्च एका बुरशीला घाम येऊं नये म्हणून होतो, हें रोग्याला ठाऊक नसतें; आणि असावें असेंहि नाहीं.

वाईनरींतली तोड मार्चअखेर संपली म्हणजे टाक्यांच्या तळाशीं मेलेल्या किण्वाचा पिठासारखा गाळ बसतो, आणि दाबयंत्रांतून सालींचा व बियांचा चोथा निघतो. हें सारें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून बागेच्या कडेला शेणाबरोबर रचतात. आठवड्याभरांत त्या ढिगाच्या पोटांत साठ अंशांपर्यंत उष्णता चढते. येथें कोणी गार पाणी फिरवीत नाहीं. ती उष्णता हवीच असते, कारण तिनें तणाचें बीं आणि रोगाचे जंतु मरतात. तिच्यांत जगणारी उष्णताप्रिय जंतूंची जात निराळी आहे. पहिल्यांनीं ढीग तापविला म्हणजे ते स्वतः मरतात आणि या दुसऱ्यांचें राज्य सुरू होतें. मात्र पार कोरडा पडूं नये म्हणून ढिगावर अधूनमधून पाणी मारावें लागतें, आणि दर पंधरा दिवसांनीं फावड्यानें तो उलटावा लागतो. भाच्याकडे हें काम मावशीच करविते. ढीग फोडतांना वाफेचा लोट उठतो, मजूर तोंड फिरवून मागें सरतात, आणि ती लोखंडी कांब ढिगांत खुपसून, बाहेर काढून, तिच्यावर तळहात टेकवून पाहते.